घटक ६ : तृणभक्षी वन्यप्राण्यांचे ऋतुमानानुसार वितरण व विपुलता (जालना जिल्ह्याच्या संदर्भात)

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :

• ‘वितरण’, ‘विपुलता’, ‘घनता’ आणि ‘दृश्यमानता’ या संज्ञांमधील भेद सांगता येईल.
• जालना जिल्ह्यातील माळरानांवर व शेतशिवारांत आढळणाऱ्या तृणभक्षी वन्यप्राण्यांचा ऋतूंनुसार होणारा वावर स्पष्ट करता येईल.
• वन्यप्राण्यांची प्रगणना करण्याच्या पद्धती व त्यांच्या मर्यादा विशद करता येतील.
• माहितीपर लेखनात शब्दयोजनेची अचूकता का आवश्यक असते, हे उदाहरणांसह दाखवता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, शास्त्रीय व माहितीपर गद्याची सर्वसाधारण वैशिष्ट्ये आपण यापूर्वी अभ्यासली आहेत. प्रस्तुत घटकात त्या वैशिष्ट्यांचा विचार आपण एका परिचित विषयाच्या आधारे करणार आहोत. आपल्यापैकी अनेक जण शेती सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. त्यांना हा विषय पुस्तकातून कळण्याआधी बांधावरच भेटलेला असेल.

‘यंदा हरणे फार वाढली आहेत’ हे वाक्य मराठवाड्यातील कोणत्याही गावच्या पारावर ऐकू येते. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. त्याचा कर्ता, क्रियापद, कालवाचक पद यांबद्दल शंका नाही. तरीही ‘वाढली’ म्हणजे नेमके काय झाले, असे विचारले तर या एका क्रियापदाचे किमान चार अर्थ हाती लागतात. पहिला अर्थ असा की, जन्मलेल्यांची संख्या मेलेल्यांपेक्षा अधिक झाली आणि एकूण संख्या खरोखरच वाढली. दुसरा, एकूण संख्या तेवढीच आहे, पण शेजारच्या शिवारातील कळप आपल्या शिवारात आले. तिसरा, प्राणी तेवढेच आणि तेथेच आहेत, पण पीक निघाल्यामुळे ते आता दिसू लागले. चौथा, प्राणी पूर्वीइतकेच आहेत, परंतु त्यांच्यामुळे होणारे नुकसान या वर्षी अधिक जाणवले.

पहिल्या अर्थाचा संबंध विपुलतेशी, दुसऱ्याचा वितरणाशी, तिसऱ्याचा दृश्यमानतेशी आणि चौथ्याचा मानवी अनुभवाशी आहे. यांपैकी कोणता अर्थ खरा, यावर उपाय अवलंबून असतो. कळप केवळ शेजारून आले असतील तर संख्या कमी करण्याच्या मागणीला अर्थ उरत नाही. आणि संख्या खरोखर वाढली असेल तर केवळ एका शेताला कुंपण घालून प्रश्न सुटत नाही, तो शेजारच्या शेतात जातो. म्हणून या विषयात शब्द नेमका वापरणे ही केवळ शैलीची बाब राहत नाही. शेतकऱ्याचे पीक आणि प्राण्याचा जीव, दोन्ही त्या नेमकेपणावर अवलंबून असतात.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ प्राण्यांची ओळख व नावांचा प्रश्न

मराठीत ‘हरीण’ हा शब्द फार व्यापक अर्थाने वापरला जातो. चितळ, सांबर, काळवीट, चिंकारा या सर्वांना आपण हरणेच म्हणतो. निसर्गविषयक मराठी लेखनात मात्र ‘सारंग’ आणि ‘कुरंग’ असा भेद केला जातो. सारंगांची शिंगे भरीव व बहुधा फाटे फुटलेली असतात आणि ती ठरावीक काळाने गळून पुन्हा उगवतात. चितळ व सांबर हे सारंग होत. कुरंगांची शिंगे आतल्या हाडावर चढलेल्या खोळीसारखी पोकळ असतात, त्यांना फाटे नसतात आणि ती जन्मभर टिकतात. काळवीट, चिंकारा व नीलगाय हे कुरंग होत. जालन्याच्या मोकळ्या मैदानी प्रदेशात आपल्याला दिसणारी ‘हरणे’ प्रामुख्याने कुरंग असतात.

यांतील सर्वांत परिचित प्राणी म्हणजे काळवीट. काटेकोरपणे पाहता ‘काळवीट’ हा शब्द नराचा वाचक आहे. पूर्ण वाढलेल्या नराची पाठ काळसर, पोट पांढरे आणि शिंगे मळसूत्रासारखी पिळदार असतात. मादी पिवळसर तपकिरी असते आणि तिला सहसा शिंगे नसतात. तिला ‘हरणी’ आणि पिलाला ‘पाडस’ म्हणतात. शास्त्रीय लेखनात मात्र ‘काळवीट’ हे संपूर्ण जातीचे नाव म्हणून रूढ झाले आहे. त्यामुळे ‘शेतात वीस काळवीट आले होते’ या वाक्यात वीस नर अभिप्रेत आहेत की नर-मादी-पाडसांचा कळप, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते.

दुसरा प्राणी नीलगाय. ग्रामीण मराठीत तिला ‘रोही’ म्हणतात. ही आशियातील सर्वांत मोठी कुरंग जात आहे. पूर्ण वाढलेला नर निळसर राखाडी रंगाचा असून त्याचे वजन दोनशे किलोग्रॅमच्या पुढे जाऊ शकते. मादी तपकिरी असते. ‘नीलगाय ही गाय नव्हे’ असे आपण वारंवार वाचतो आणि ते खरेही आहे. परंतु प्राणिशास्त्रीय वर्गीकरणात नीलगाय ही गाय-म्हशींच्या उपकुळात येते, काळवीट मात्र त्या उपकुळाबाहेर राहतो. म्हणजे लोकभाषेने दिलेले नाव शास्त्राच्या कसोटीवर वाटते तितके चुकीचे नाही. तिसरा प्राणी चिंकारा. तो लहान चणीचा, बुजरा, एकट्याने किंवा दोन-चारांच्या गटाने राहणारा असून तुलनेने विरळ आढळतो. रानडुक्कर पिकांचे मोठे नुकसान करते, परंतु ते सर्वभक्षी असल्यामुळे या घटकाच्या कक्षेत येत नाही.

‘मृग’ या शब्दाचा इतिहासही येथे लक्षात घ्यावा. संस्कृतात तो मुळात कोणत्याही वन्य पशूचा वाचक होता. सिंहाला ‘मृगेंद्र’, माकडाला ‘शाखामृग’ आणि शिकारीला ‘मृगया’ म्हणतात, ते त्यामुळेच. पुढे त्याचा अर्थ संकोच पावून तो हरणापुरता उरला. इंग्रजीतील ‘डिअर’ हा शब्दही पूर्वी पशुमात्राचा वाचक होता आणि त्याचाही अर्थ असाच संकोचला. दोन दूरच्या भाषांत शब्दाचा प्रवास एकाच दिशेने व्हावा, हे अर्थसंकोचाचे चांगले उदाहरण आहे. काळविटाला संस्कृतात ‘कृष्णसार’ म्हणतात. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकाच्या प्रारंभी दुष्यंत ज्याचा पाठलाग करतो तो हाच. मनुस्मृतीत तर कृष्णसार जेथे स्वभावतः संचार करतो तो प्रदेश यज्ञास योग्य मानला आहे. एखाद्या प्राण्याच्या वितरणावरून भूप्रदेशाची सीमा सांगण्याचा हा प्राचीन प्रकार होय.

६.२.२ जिल्ह्याची भूमी

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा हे त्याचे आठ तालुके. उत्तरेकडे अजिंठ्याच्या रांगांचे उतार, मध्यभागी पूर्णा, दुधना व कुंडलिका या नद्यांची खोरी आणि दक्षिण सीमेवर गोदावरी, अशी जिल्ह्याची ठेवण आहे. प्रदेश पर्जन्यछायेतला असून पाऊस कमी व बेभरवशाचा आहे. नदीकाठी खोल काळी जमीन, तर चढावर मुरमाड माळ असे चित्र सर्वत्र दिसते. दाट जंगल जवळपास नाही. त्यामुळे येथील तृणभक्षी प्राण्यांचा अधिवास म्हणजे माळराने, गायराने, ओढ्यांचे काठ, पडीत जमिनी आणि त्यांच्या मधोमध पसरलेली शेते.

माळावर कुसळी, पवन्या, मारवेल, हरळी अशी गवते वाढतात. काळवीट प्रामुख्याने चरणारा प्राणी आहे; जमिनीलगतचे कोवळे गवत हा त्याचा मुख्य आहार. नीलगाय गवतही खाते आणि झुडपांचा पाला, शेंगा, फळेही खाते. ‘गुरे चरतात आणि शेळ्या पाला ओरबाडतात’ हा भेद आपण घरच्या जनावरांत रोज पाहतो. वन्यप्राण्यांतही तो तसाच लागू पडतो आणि कोणता प्राणी कोणत्या ऋतूत कोठे असेल, हे बरेचसे त्यावरून ठरते. डोळ्यांवर आणि वेगावर भिस्त असलेला काळवीट उंच पिकात शिरणे टाळतो, कारण तेथे त्याला दूरवरचे दिसत नाही आणि धावताही येत नाही. नीलगाईला मात्र झाडोरा व उंच पीक आडोशासाठी उपयोगी पडते.

६.२.३ ऋतुचक्र

स्थलांतर म्हटले की आपल्यासमोर आफ्रिकेतील सेरेंगेटीचे दृश्य येते. तेथे दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट पावसाच्या मागोमाग टांझानिया व केनिया या देशांतून शेकडो किलोमीटरांचे वर्तुळ पूर्ण करतात. आपल्याकडील काळवीट असे दीर्घ स्थलांतर करीत नाही. त्याची हालचाल स्थानिक असते : या माळावरून त्या माळावर, माळावरून शिवारात, शिवारातून पाणवठ्यावर. अंतर थोडे असले तरी एका गावाच्या दृष्टीने हा फरक ‘होते’ आणि ‘नाहीत’ एवढा मोठा असतो.

(अ) पावसाळा : जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो आणि शेतकरी मृगाच्या पावसाची वाट पाहू लागतो. पेरणी आणि माळावरचे गवत यांची उगवण एकाच सुमारास होते. परंतु गवताला पाऊस पडल्यावरच फूट येते, तर ओलित असलेल्या शेतात त्याआधीच हिरवळ असते. उगवून आलेले सोयाबीन, मूग, उडीद, कापूस यांचे कोवळे अंकुर काळविटाच्या आवडीचे असतात. या दिवसांत एका कळपाने एका रात्रीत शेंडे खुडले तर दुबार पेरणीची पाळी येते. पीक हातभर वाढल्यावर तेच नुकसान तेवढे घातक राहत नाही. म्हणजे नुकसानीचे प्रमाण प्राण्यांच्या संख्येइतकेच पिकाच्या वयावरही अवलंबून असते.

पाऊस स्थिरावल्यावर गवत सर्वत्र होते, पाणी डबक्या-ओढ्यांत साचते आणि कळप विखुरतात. काळ्या जमिनीतील चिखलात काळविटाचे बारीक खूर रुततात आणि त्याचा वेग, म्हणजेच त्याचे संरक्षण, कमी होते. त्यामुळे अशा दिवसांत त्याला मुरमाड चढ सोयीचे पडतात.

(आ) हिवाळा : ऑक्टोबरनंतर गवत पक्व होते, त्याला कुसळे येतात आणि त्यातील पोषणमूल्य घटते. याच वेळी शिवारात कापूस व तूर उभी असते आणि रब्बीची ज्वारी, हरभरा व गहू उगवत असतात. काळवीट कोवळ्या हरभऱ्याकडे व गव्हाकडे वळतो. नीलगाय तुरीच्या आडोशाने दिवस काढते. प्राणी शिवारात असतात, पण सहज दिसत नाहीत. ‘हिवाळ्यात हरणे कमी होतात’ असा समज काही गावांत आढळतो, त्याचे एक कारण उभी तूर हे आहे.

काळविटाचा विणीचा हंगाम वर्षभर चालू असला तरी मार्च ते मे आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळांत समागमाचे प्रमाण अधिक असते. गर्भकाळ सुमारे सहा महिन्यांचा असल्यामुळे पाडसे शरद ऋतूत आणि पुन्हा हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत अधिक दिसतात. जन्मानंतर पहिले काही दिवस हरणी पाडसाला गवतात दडवून स्वतः दूर चरते. असे एकटे पाडस ‘आईने टाकलेले’ समजून घरी आणले जाते आणि बहुधा दगावते. ते टाकलेले नसते, ठेवलेले असते. या दोन धातूंमधील अंतर त्या पाडसाच्या आयुष्याएवढे आहे.

(इ) उन्हाळा : मार्चपासून शिवार उघडे पडते. ज्वारीची काढणी, हरभऱ्याची सोंगणी, पऱ्हाटीची उपटणी झाली की क्षितिजापर्यंत दृष्टी पोहोचते. चिंकारा वनस्पतींतील ओलाव्यावर बराच काळ भागवू शकतो. काळविटाला मात्र उन्हाळ्यात नियमितपणे पाणी लागते. त्यामुळे कळप उरलेल्या पाणवठ्यांभोवती एकवटतात. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालील पट्ट्यात ऊस व चाऱ्याची पिके हिरवी राहतात. इतरत्र मोसंबीच्या बागा व शेततळी हीच हिरवळीची आणि पाण्याची ठिकाणे उरतात. भाषेने भ्रामक पाण्याला ‘मृगजळ’ असे नाव दिले आहे. उन्हाळ्यातील माळावर खऱ्या पाण्याचा शोधही तितकाच कठीण असतो. कठडा नसलेल्या विहिरी आणि प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी या काळात सापळे ठरतात. अस्तरावरून घसरलेल्या प्राण्याला खुरांची पकड मिळत नाही व तो बाहेर येऊ शकत नाही. शेततळ्याच्या उतारावर दोराची जाळी किंवा पोती सोडून ठेवणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

२०१२–१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. अशा वर्षी पाणवठे मोजकेच उरतात आणि प्राणी त्यांच्याभोवती दाटतात. ज्या गावात पाणी असते त्या गावाला हरणे ‘वाढलेली’ दिसतात. वस्तुतः तो काळ प्राण्यांच्याही मृत्यूचा असतो. एकूण संख्या घटत असताना एका ठिकाणची संख्या वाढू शकते, हा वितरण आणि विपुलता यांतील भेद दुष्काळात सर्वांत ठळकपणे दिसतो.

६.२.४ मोजणी कशी करतात?

महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाण बांधून वन्यप्राण्यांची नोंद घेण्याची प्रथा आहे. उन्हाळ्यात पाणवठे मोजकेच असतात आणि पौर्णिमेचा उजेड मिळतो, ही त्यामागील सोय. परंतु ही पद्धत पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांचीच नोंद करते. पाण्यावाचून राहू शकणारा चिंकारा तिच्यात कमी येतो. एकच कळप दोन पाणवठ्यांवर गेला तर दोनदा मोजला जातो. आणि दिवसा पाणी पिऊन गेलेला प्राणी रात्रीच्या नोंदीतून निसटतो.

दुसरी पद्धत रेषाछेदाची. वनखात्याच्या व्यवहारात तिला ‘ट्रान्झेक्ट लाइन’ म्हणतात. ठरलेल्या सरळ रेषेवरून चालत जायचे, दिसलेल्या प्राण्यांची संख्या आणि रेषेपासूनचे त्यांचे अंतर नोंदवायचे आणि त्यावरून घनता काढायची, असे तिचे स्वरूप आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एप्रिलमध्ये दोन किलोमीटर लांबीच्या रेषेवरून चालताना दोन्ही बाजूंना शंभर-शंभर मीटरपर्यंतचे सर्व प्राणी दिसतात. पाहिलेले क्षेत्र दोन किलोमीटर गुणिले दोनशे मीटर, म्हणजे ०.४ चौरस किलोमीटर होते. त्यात ८ काळवीट दिसले तर घनता दर चौरस किलोमीटरला २० आली. आता सप्टेंबरमध्ये त्याच रेषेवर उंच गवतामुळे दोन्ही बाजूंना फक्त पंचवीस-पंचवीस मीटरपर्यंतच दिसते. पाहिलेले क्षेत्र ०.१ चौरस किलोमीटर झाले. त्यात २ काळवीट दिसले तरी घनता २० च आली. दिसलेली संख्या ८ वरून २ वर आली. प्रत्यक्ष घनता तसूभरही बदलली नाही.

या उदाहरणातील बोध असा की, ‘आठ दिसले’ आणि ‘आठ होते’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले निरीक्षण आहे, दुसरे अनुमान. शास्त्रीय गद्यात या दोहोंची क्रियापदे वेगळी ठेवावी लागतात : ‘आढळले’, ‘नोंदवले’ हे निरीक्षणासाठी, ‘असावेत’, ‘अंदाजित संख्या’ हे अनुमानासाठी. मराठीत विध्यर्थी ‘-वा/-वी/-वे’ या रूपांनी हा भेद सहज दाखवता येतो. आपण मात्र वृत्तलेखनात अनेकदा त्याऐवजी सरळ ‘आहेत’ वापरून मोकळे होतो.

तुलना करायची तर ती एकाच ऋतूतील, एकाच पद्धतीने घेतलेल्या नोंदींची करावी, हा मोजणीचा मूलभूत नियम आहे. या वर्षीचा मे आणि मागील वर्षीचा मे यांची तुलना अर्थपूर्ण. मे आणि सप्टेंबर यांची सरळ तुलना दिशाभूल करणारी ठरते. शिवाय कळपाची रचनाही नोंदवावी. काळविटांत माद्या-पाडसांचे कळप, तरुण नरांचे स्वतंत्र कळप आणि आपापले क्षेत्र राखणारे एकटे नर असे प्रकार असतात. केवळ नरांचा कळप पाहून जातीच्या वाढीचा अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी माद्यांच्या प्रमाणात पाडसे किती, हे पाहावे लागते.

६.२.५ ‘पडीक’ या शब्दाचा परिणाम

विसाव्या शतकात शिकार आणि अधिवासाचा नाश यांमुळे देशातील काळविटांची संख्या फार घटली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार काळविटाला पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आणि त्याची शिकार हा कारावासास पात्र असा गंभीर गुन्हा ठरला. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील रेहेकुरी येथे १९८० मध्ये खास काळविटासाठी अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र मात्र अवघे सव्वादोन चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. म्हणजे दख्खनमधील बहुसंख्य काळवीट अभयारण्यांच्या बाहेर, माणसांच्या शिवारातच जगतात. काळविटाचा नैसर्गिक शिकारी असलेला चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले आणि माळावरचा दुसरा शिकारी, लांडगा, आज स्वतःच दुर्मीळ झाला आहे.

माळरानाचे दुर्दैव असे की, त्याला स्वतःचे मानाचे नाव प्रशासकीय भाषेत फारसे मिळाले नाही. झाडे नाहीत म्हणून ते ‘वन’ नाही आणि पीक नाही म्हणून ते ‘शेत’ नाही. उरले ते ‘पडीक’. एकदा हा शब्द लागला की ती जमीन कशाची तरी वाट पाहत रिकामी पडली आहे, असा अर्थ त्यात आपोआप येतो. मग तेथे उद्योग येतो, अतिक्रमण होते किंवा सद्हेतूने गिरिपुष्पासारख्या झाडांची लागवड होते. दाट झाडांखाली कुसळी-पवन्या टिकत नाहीत आणि मोकळ्या दृष्टीवर जगणाऱ्या काळविटाला ती जागा परकी होते. तो तेथून निघतो आणि शेतात येतो. गावाला तो ‘वाढलेला’ दिसतो. वास्तविक त्याचे रान कमी झालेले असते.

याच्या उलट ‘गायरान’ हा लोकभाषेतला शब्द पाहा. त्यात जमिनीचा उपयोग, उपयोग करणारा जीव आणि गावाची सामाईक मालकी या तिन्ही गोष्टी सूचित होतात. जेथे गायराने राखली जातात तेथे गुरांबरोबर वन्य तृणभक्षींनाही चराई मिळते आणि पिकांवरील ताण काही प्रमाणात हलका होतो.

६.२.६ शेतकरी, पंचनामा आणि भाषा

या विवेचनाचा अर्थ शेतकऱ्याची तक्रार हा केवळ भास आहे, असा मुळीच नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने उगवणीच्या आठवड्यातील एक रात्र ही वर्षाच्या उत्पन्नाचा प्रश्न असते. रात्र-रात्र जागल करणाऱ्याला वितरण आणि विपुलता यांतील भेद ऐकवणे पुरेसे नाही. वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या पीकहानीबद्दल राज्य शासनाची नुकसानभरपाईची तरतूद आहे. तिच्यासाठी ठरलेल्या मुदतीत अर्ज आणि पंचनामा आवश्यक असतो. येथे भाषेचा संबंध पुन्हा येतो.

‘जनावरांनी पीक खाल्ले’ असे वाक्य अर्जात आले तर ती जनावरे गावची मोकाट गुरे होती की वन्यप्राणी, हे स्पष्ट होत नाही. याउलट, ‘दिनांक अमुक रोजी पहाटे, गट क्रमांक अमुकमधील पंधरा दिवसांचे सोयाबीन काळविटांच्या कळपाने शेंडे खुडून खाल्ले, शेतात खुरांचे ठसे व लेंड्या आढळल्या, बाधित क्षेत्र सुमारे वीस गुंठे’ असे लिहिले तर प्राणी, पीक, पिकाची अवस्था, पुरावा आणि व्याप्ती या पाचही गोष्टी एका वाक्यात येतात. काळविटाने शेंडे खुडलेले रोप, नीलगाईने वरून ओढलेली फांदी आणि रानडुकराने उकरलेला वाफा यांच्या खुणा भिन्न असतात. त्या ओळखून योग्य नावाने लिहिणारा अर्जदार आपला दावा बळकट करतो आणि त्याच वेळी जिल्ह्यातील वितरणाची एक विश्वसनीय नोंदही निर्माण करतो. असे शेकडो पंचनामे ऋतूनुसार मांडले तर कोणते कळप कोणत्या महिन्यात कोठे असतात, याचे चित्र उभे राहू शकते.

संतापाच्या भरात कुंपणात वीजप्रवाह सोडण्याचे प्रकार घडतात. ते बेकायदेशीर आहेत आणि त्यात अनेकदा शेजारच्या शेतकऱ्याचा किंवा राखणीस गेलेल्या स्वतःच्याच घरातील माणसाचा बळी जातो. उगवणीच्या पंधरवड्यात गावाने मिळून पाळीपाळीने राखण करणे, गायरानावरील चराई टिकवणे आणि उन्हाळ्यात शिवाराबाहेर पाणवठे ठेवणे हे उपाय वेळखाऊ आहेत. परंतु प्राण्यांच्या ऋतुचक्राला ते धरून आहेत.

६.३ सारांश

तृणभक्षी वन्यप्राण्यांचा वावर चारा, पाणी, आडोसा आणि सुरक्षितता या चार गोष्टींनुसार ऋतूगणिक बदलतो. जालना जिल्ह्यात पावसाळ्याच्या प्रारंभी ते कोवळ्या पिकांकडे येतात, पुढे विखुरतात. हिवाळ्यात उंच पिकांमुळे कमी दिसतात. उन्हाळ्यात पाण्याभोवती एकवटून अधिक दिसतात. दिसणे, असणे आणि वाढणे या तीन क्रिया भिन्न आहेत. नोंद घेताना ऋतू, पद्धत आणि दृश्यमानता सांगितल्याशिवाय संख्येला अर्थ प्राप्त होत नाही. प्राण्यांची व भूमीची नावे अचूक वापरणे हा शास्त्रीय गद्याचा गुण तर आहेच. शेतकऱ्याला न्याय आणि प्राण्याला जागा मिळण्याची ती पहिली पायरीही आहे.

६.४ पारिभाषिक शब्द

वितरण : एखादी जाती कोणत्या जागी, कोणत्या काळात आढळते, याचा विस्तार.
विपुलता : ठरावीक क्षेत्रातील त्या जातीची एकूण संख्या.
घनता : दर एकक क्षेत्रातील संख्या.
दृश्यमानता : असलेल्या प्राण्यांपैकी निरीक्षकाला दिसू शकणाऱ्यांचे प्रमाण.
अधिवास : प्राण्याच्या चारा-पाणी-निवाऱ्याची नैसर्गिक जागा.
अर्थसंकोच : शब्दाच्या मूळ व्यापक अर्थाचे मर्यादित होणे.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. सारंग व कुरंग यांच्या शिंगांतील प्रमुख भेद कोणता?
२. काळवीट उंच पिकात शिरणे का टाळतो?
३. ‘मृगेंद्र’ या शब्दात ‘मृग’चा कोणता अर्थ टिकून आहे?

उत्तरे : १. सारंगांची शिंगे भरीव असून ठरावीक काळाने गळतात. कुरंगांची पोकळ असून कायम राहतात. २. तेथे त्याला दूरवर पाहता व वेगाने धावता येत नाही. ३. ‘वन्य पशू’ हा मूळ व्यापक अर्थ.

(आ) सविस्तर उत्तरे लिहा.
१. ‘दुष्काळात एकूण संख्या घटत असतानाही एखाद्या गावात हरणे वाढलेली दिसू शकतात.’ हे विधान स्पष्ट करा.
२. ‘पडीक’ आणि ‘गायरान’ या शब्दांतून भूमीकडे पाहण्याच्या कोणत्या दोन दृष्टी व्यक्त होतात?

६.६ उपक्रम

आपल्या गावातील एका वयोवृद्ध शेतकऱ्याशी किंवा मेंढपाळाशी बोलून हरीण, रोही, गवत व माळ यांसाठी स्थानिक बोलीत वापरल्या जाणाऱ्या शब्दांची यादी करा. त्यानंतर वर्षभर, प्रत्येक महिन्यात एकदा, ठरलेल्या एकाच वाटेने सकाळी चालत जाऊन दिसलेल्या वन्यप्राण्यांची नोंद ठेवा. तारीख, पीक किंवा गवताची उंची आणि किती अंतरापर्यंत दिसत होते, हे लिहिण्यास विसरू नका. वर्षाअखेरीस ‘यंदा हरणे वाढली का?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या नोंदींच्या आधारे दोनशे शब्दांत लिहून संपर्कसत्रात सादर करा.